कडूबारावांची सही

शहागड, ता. अंबड
१२ नोव्हेंबर १९५७

कडूबाराव मेहुणे यांस काकासाहेबाचा रामराम.

तुम्ही मुंबईत के. बी. साहेब झालात असं ऐकून आहे. पण तुमच्या बहिणीनं घरात तुम्हाला कधी तसं म्हटलं न्हाई, म्हणून बारशाचंच नाव लिहिलं.

वैशाखात कुंभार पिंपळगावला तुमच्या पुतणीच्या लग्नात, भर पंगतीत तुम्ही बोललात, "आमचे दाजी ट्रकच्या गॅरेजात विमान बांधून राह्यलेत, ते अंबड तालुका ओलांडायचं न्हाई." सारं वऱ्हाड हसलं. मी खाली मान घालून जेवत होतो. अन्नाचा अपमान मला करता येत न्हाई. तुमचा येतो, म्हणून हे पत्र.

विमान उडालं. दसऱ्यानंतर नदीकाठच्या माळावरून उचललं, गोदावरीवर घिरट्या घेतल्या आणि बराबर उतरवलं. मागच्या हप्त्यात औरंगाबादला जाऊन आलो. तालुका झाला. आता देश ओलांडतो. सिलोनात जाफन्याला चाललो. लढाईत हवाई दलात फिटर होतो तवा तिथं दोन वर्षं काढली, धावपट्टी ओळखीची आहे.

अडलं ते एका सहीपाशी. देशाबाहेर न्यायचं तर विमानखात्याला परवानेवाल्या इंजिनियरची सही लागते, की यंत्र तपासलं, समुद्रावर न्यायला हरकत न्हाई. हैद्राबादेत दोघांना लिहिलं. एकानं विचारलं शहागड कुठं आलं. दुसऱ्यानं उत्तरच दिलं न्हाई. तिसरे तुम्ही. तुमच्या आधी मी गॅरेजातल्या बोकडालाही विचारलं असतं, पण त्याच्याकडं परवाना न्हाई.

यायचं तर या. गोजर बरी आहे. विमानाचं सारं कापड तिनंच शिवलंय. पसंत पडलं न्हाई तर तिला तोंडावर सांगा, मला सांगू नका.

काकासाहेब


विलेपार्ले, मुंबई
२५ नोव्हेंबर १९५७

काकासाहेब दाजी यांस,

आपले पत्र टपालवाल्याने दोन बोटांत धरून आणले. त्यावर ग्रीसचे इतके डाग होते की आधी मला ते एखाद्या इंजिनाचे बिल वाटले.

आपण लढाईत हवाई दलात होतात हे मला माहीत आहे. पत्राच्या सुरावरून मात्र असे दिसते की ती लढाई आपण एकट्याने जिंकली. मी इतकी वर्षे जुहूच्या विमानतळावर विमाने तपासतो आहे. रोज कोणी ना कोणी येतो आणि सांगतो की मी घरी विमान बांधले आहे. त्यातले बहुतेक जण नंतर कोंबड्यांची खुराडी बांधतात, आणि ती चांगली असतात. आपणही तिकडे लक्ष घालावे.

आणि सिलोनच का? त्या लोकांनी आपले काय वाकडे केले आहे?

तरी नाताळच्या सुट्टीत येतो. सही करायला येत नाही. आपण समुद्रात पडलात तर समुद्राचे काही बिघडणार नाही, पण माझ्या बहिणीच्या कपाळाचा प्रश्न आहे. काय उद्योग चालला आहे ते एकदा डोळ्यांनी पाहून घेतो. मला गॅरेजात चहा देऊ नये. त्याच कपाने आपण पेट्रोल मोजता हे मला ठाऊक आहे.

कडूबा


विलेपार्ले, मुंबई
९ जानेवारी १९५८

काकासाहेब दाजी यांस,

परवा परत पोचलो. अंगाचा रॉकेलचा वास अजून गेलेला नाही. सही देत नाही हे तिथेच सांगितले होते, आता लेखी कळवतो.

आपल्या विमानाच्या पुढच्या खुर्चीवर ट्रकच्या क्लीनरची गादी आहे. होकायंत्राशेजारी अगरबत्तीचे घर बसवले आहे. शेपटीवर 'रेणुकाई प्रसन्न' असे लिहून त्याखाली दोन कमळे काढली आहेत, जशी सडकेवरच्या प्रत्येक ट्रकच्या पाठीवर असतात. मी पंखाखाली उभा राहून टिपणे करत होतो तर आपल्या बोकडाने माझ्या कागदाचा कोपरा खाल्ला. त्याला आपण हाकललेही नाही. उलट हसलात.

येणारेजाणारे ट्रकवाले थांबून त्या वस्तूला हॉर्न वाजवून सलाम करतात. त्यांची करमणूक होते आहे, होऊ द्या. त्यात विमानखात्याचा शिक्का मी घालणार नाही. पतंगाचे आणि ट्रकचे लग्न लावून जे झाले आहे त्याला विमान म्हणायला माझी जीभ वळत नाही.

गोजरची शिवण मात्र सरळ आहे. एवढे एकच तिथे सरळ होते.

कडूबा


शहागड
२ फेब्रुवारी १९५८

कडूबाराव,

तुम्ही आलात, नाकाला रुमाल लावलात, इंजिन चालू केलं तवा कानांवर हात ठेवलेत, आणि गेलात. याला तुमच्यात तपासणी म्हणत असतील.

तुमचं पत्र मी गोजरला वाचून दाखवलं. गादी आहे, अगरबत्ती आहे, कमळं आहेत, बोकड आहे. इंजिनाबद्दल एक ओळ न्हाई. पंखाबद्दल एक ओळ न्हाई. का न्हाई, तर खोट सापडली न्हाई. सापडली असती तर तुम्ही ती मुंबईहून ढोल वाजवत लिहिली असती. येवढा शिकलेला माणूस शेवटी बोकडाच्या आड लपला.

निघताना विचारलंत, मुंबईहून काही सामान पाठवू का. तुमच्याकडून खिळा नको. सारं विमान झालं, त्यात तुमचा एक खिळा न्हाई, आणि पुढंही लागणार न्हाई. मला विमानात तुमचं काही दिसलं तर ते उडताना मागं खेचंल.

सिलोन सरकारला अर्ज केला आहे. परवानगी आली की सही असो का नसो, मी चाललो. विमानखात्यानं धरलं तर धरू द्या, पण आधी मला वर येऊन धरावं लागंल.

आणि एक विचारायचं राह्यलं. विमानं तपासून म्हातारे झालात, पण कधी एकात बसून समुद्रावर गेलात का?

काकासाहेब


शहागड
१४ ऑक्टोबर १९५८

दादास गोजरचा नमस्कार.

अक्षर वाकडं आहे. पाटीवर तूच गिरवून घेतलं होतंस, तवा मला बोलू नको.

तुझ्या आणि यांच्या भांडणात आठ महिने कागद आला न्हाई, गेला न्हाई. घरात मात्र रोज चालूच आहे. हे तुझं जुनं पत्र काढतात, अंगणात फिरत मोठ्यानं वाचतात, मंग त्याला उत्तर देतात. ऐकायला मी आणि म्हैस. गावात तमाशा येतो त्याला निदान तिकीट असतं, नको असलं तर जायचं न्हाई. मला रोज फुकट बसावं लागतं.

पाऊस लई झाला. नदी गॅरेजच्या पायरीला लागल्ती. विमान ताडपत्रीखाली होतं. आता ऊन पडलंय. सिलोनची परवानगी आली आहे. हे थंडी सरली की निघणार. तुझी सही न्हाई तरी निघणार, मी यांना ओळखते.

मी काय लिहायला बसले ते सांगते. हे मागच्या खुर्चीतून विमान चालवतात, पुढच्या खुर्चीत मी बसणार आहे. ठरलं आहे. यांना सांगितलं तर हे येवढे खूष झाले की गादीला नवी खोळ घालायला निघाले. माझा जीव जाईल का राहील हे त्यांच्या डोक्यात आलंच न्हाई. तुझ्याही आलं नसतं. तुमच्या दोघांच्या डोक्यात फक्त एकमेकांची डोकी आहेत, दुसऱ्या कोणाला तिथं जागा न्हाई. लोक म्हणतात, एवढे हुशार मेहुणे-दाजी. मला तर तुम्ही दोघं एका खुंट्याला बांधलेले, दोरी एकमेकात गुंतवून हंबरणारे बैल वाटता.

मागच्या खेपेला तू हसायला काय मिळतं ते शोधत होतास. मी तिथंच उभी होते, मी पाहिलंय. आता ये आणि मी त्यात बसणार असं धरून बघ. न्हाई आलास तरी चालेल. मंग मुंबईत बसून बोकडाचं लिहीत जा.

वहिनीला नमस्कार सांग.

गोजर


विलेपार्ले, मुंबई
२२ ऑक्टोबर १९५८

गोजर,

तुझे डोके फिरले आहे. त्या माणसाबरोबर राहून दुसरे काय होणार.

दिवाळीला येतो. मी येईपर्यंत त्या खुर्चीत पाय ठेवायचा नाही. नवऱ्याला सांग, ताडपत्री काढून ठेव, बोकड दुसऱ्या कोणाच्या दारात बांध. आणि तुला सांगतो, तू शिवलेले कापड मला फाडावे लागेल. तेव्हा रडू नकोस.

तुझा दादा


विलेपार्ले, मुंबई
१९ नोव्हेंबर १९५८

काकासाहेब दाजी यांस,

पाडव्याच्या दिवशी जे घडले ते लिहून पाठवतो आहे. चार महिन्यांनी आपण ते वेगळे सांगाल, म्हणून माझ्या शब्दांत आपल्या घरी असलेले बरे.

डाव्या पंखाच्या मुळाशी, जिथे मुख्य वाशाचा लाकडी जोड आहे तिथे, मी कापड चिरले. गोजर हातात दिवा धरून शेजारी उभी होती, कारण गॅरेजात आत अंधार असतो. जोडावर पांढरी बुरशी आली होती. मी खिशातल्या चाकूचे पाते टेकवले. जोर लावला नाही. ते खव्यात जावे तसे आत गेले. उजव्या पंखालाही तेच.

आपण म्हणालात, "उन्हाळ्यात बराबर होतं." असेल. पावसाने केले. आपण दुधाचा सरस वापरलात. तो ओल धरतो आणि कुजतो, हे लढाईच्या वेळीही फिटर लोकांना शिकवत होते. विमान समुद्रावर गेले असते, वाऱ्याचा एक धक्का बसला असता आणि पंख मिटला असता. पुढच्या खुर्चीत माझी बहीण असती.

मी विचारले, ओलीला दाद न देणारा नवा सरस मुंबईत डब्यांनी विकत मिळतो, तो का नाही वापरला? आपण ट्रकच्या जुन्या टायरवर बसलात. मग म्हणालात, "तो तुमच्याकडून मागवावा लागला असता."

दाजी, मी आपल्याला पहिल्यापासून मूर्ख समजत आलो. मी फारच कमी समजत होतो. माझ्याकडे एक डबा मागायचा नाही म्हणून आपण बायकोला कुजक्या पंखावर बसवून समुद्र ओलांडणार होतात. एवढा मोठा अहंकार ठेवायला ते गॅरेज पुरत नाही, म्हणून आपल्याला आभाळ लागत असावे.

सही नाही. पंख उघडा, सगळे जोड सोडवा. त्यानंतर काय ते बोलू.

कडूबा


शहागड
७ डिसेंबर १९५८

कडूबाराव मेहुणे यांस,

पत्र मिळालं. घडलं तसंच लिहिलंत, त्यात मला बदलायला काही न्हाई.

पंख उघडे केले. गोजरनं आपल्या हातानं सारं कापड उसवलं. दोरा गुंडाळून ठेवला, कापडाची घडी केली, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत न्हाई. भाकरी ताटात पडते, बोलणं पडत न्हाई. तुमच्या शिव्या वाचायला सोप्या होत्या.

आता तुमचंही ऐका. मागच्या नाताळात तुम्ही त्याच पंखाखाली उभे होता. सरस कोणता लावला, येवढं एक विचारलं असतं, तर मी खोटं बोललो नसतो. तुम्ही बोकड बघत होता. तवा या गोष्टीत तुमचाही हिस्सा आहे. माझा मोठा आहे, तेवढं मी मानतो. याच्यापुढं मानणार न्हाई.

नव्या सरसाचे दोन डबे पाठवा. येवढं एक वाक्य लिहायला सकाळपासून बसलोय, बाहेर दोन ट्रक तसेच उभे आहेत. परत लिहायला लावू नका. हसायचं तर आधी डबे पाठवा आणि मंग हसा.

काकासाहेब


शहागड
१६ फेब्रुवारी १९५९

दादास गोजरचा नमस्कार.

तू परवा सही करून गेलास. डबे पाठवलेस, जोड वाळेपर्यंत थांबलास, मंग स्वतः येऊन पंखाखाली उताणा पडलास आणि एकेक जोड बोटानं वाजवून पाहिलास. मी नवं कापड चढवत होते तवा माझ्याही टाक्यांवरून बोट फिरवलंस. यांनी तुला चहा दिला आणि तू प्यायलास. दोघांचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं होतं, पण प्यायलास.

आता सांगते. त्या खुर्चीत मी बसणार न्हाई. बसणारच नव्हते. जालन्याला मोटारीतून जाते तरी अंबड यायच्या आत मला ओकारी होते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तरी तू विश्वास ठेवलास, आणि हेसुद्धा. बाईमाणूस खरं बोलतंय का खोटं, हे बघायला दोघांनाही वेळ नव्हता.

तू म्हणशील गोजरनं फसवलं. हो, फसवलं. सरळ सांगून बघितलं असतं, की विमान नीट तपास, तर तू चार ओळी टोमणे लिहिले असतेस आणि यांनी आठ लिहिल्या असत्या. आणि हे तसेच गेले असते. मला माझा नवरा जिवंत पाहिजे. कसा का असेना, दुसरा कोणता आहे?

यांना काल सांगितलं. आधी लई चिडले. मंग म्हणाले, "कडूबाला बसव. सही त्याची आहे, त्यानंच बसून दाखवावं." रागानं म्हणाले, पण मला ते पटलं. पुढच्या खुर्चीपाशी पेट्रोलच्या जादा टाकीचा हातपंप आहे, तो मारायला माणूस लागतो. वाळूचं पोतं ठेवलं तर वजन भरतं पण पंप मारता येत न्हाई. यांना तुझ्यात आणि पोत्यात तेवढाच फरक वाटतो.

नको म्हणालास तर मी समजून घेईन. यांना काय सांगायचं ते मात्र तू सांग.

गोजर


जाफना, सिलोन
११ मार्च १९५९

गोजर,

तुझा नवरा जिवंत आहे. माझ्या शेजारच्या खाटेवर घोरतो आहे. विमानही धड आहे. हे आधी लिहिले, कारण तू पहिल्यांदा तेच शोधशील.

तू मला ज्या रीतीने या खुर्चीत आणून बसवलेस, त्याबद्दल घरी आल्यावर बोलू. ऑफिसात रजेचा अर्ज देताना कारण काय लिहावे ते मला सुचेना. 'कौटुंबिक' असे लिहिले.

हैद्राबाद आणि मद्रासपर्यंत लिहिण्यासारखे काही घडले नाही. त्रिचनापल्लीला कस्टमचे शिक्के झाले आणि आमचे भांडण झाले. मी म्हणत होतो ढग खाली आले आहेत, उद्या निघू. तो म्हणाला, उद्या तुम्हाला दुसरे काहीतरी दिसेल. शेवटी त्याने माझे ऐकले. रात्रभर तोंड फिरवून झोपला. दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होते, तेव्हा म्हणाला, "कालबी असंच असतं वरती."

किनारा मागे गेला तेव्हा मी पहिल्यांदा खाली पाहिले. गोजर, विमाने तपासण्यात माझे आयुष्य गेले, पण पाण्यावर मी कधी गेलो नव्हतो. तुझ्या नवऱ्याने एकदा ते विचारले होते, मी उत्तर दिले नव्हते. खाली सगळे एकाच रंगाचे होते, आणि धरायला काही नव्हते. मी डाव्या पंखाच्या मुळाकडे बघत राहिलो. जोड कापडाखाली आहे, दिसत नाही, हे मला ठाऊक होते. तरी तिथेच बघत होतो. पंप मारून मारून तळहाताला फोड आले, आणि पंप थांबवला की भीती वाटायची, म्हणून गरज नसतानाही मारत होतो.

मध्येच मागून ओरडणे ऐकू आले. मला वाटले इंजिनाचे काहीतरी झाले. मानेला वेदना होईपर्यंत मागे वळलो. तो गात होता. तोंड उघडे, डोळे बारीक केलेले, वाऱ्याने मिशा कानाला लागलेल्या. इतका बेसूर माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

उतरवताना विमान दोनदा उसळले. मी ते त्याला सांगितले. तो म्हणाला पट्टी उंचसखल आहे. पट्टी उंचसखल नाही.

उतरल्यावर इथला विमानतळाचा अधिकारी आला. तरुण, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतला. त्याने विमानाभोवती एक फेरी मारली, शेपटीवरची कमळे पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मी लगेच ओळखले. सव्वा वर्षापूर्वीच्या नाताळात शहागडला तसाच चेहरा करून मी उभा होतो. तो आमचे कागद उघडायलाही तयार नव्हता. त्याने इंग्रजीत विचारले, "ही वस्तू समुद्रावर आणायला योग्य आहे, असं कोणत्या माणसानं सांगितलं?"

मी बोलणार तेवढ्यात तुझा नवरा पुढे झाला. त्याचे इंग्रजी लढाईतले आहे, त्यात शिव्या जास्त आणि शब्द कमी. त्याने माझ्या दंडाला धरून मला पुढे ओढले आणि सांगितले, "यानं. हा माझ्या बायकोचा भाऊ. याच्याइतका कुजका माणूस तुमच्या बेटावर नसंल. याला माझं काही आवडत न्हाई. माझं घर, माझा चहा, माझं तोंड, काहीच न्हाई. यानं पहिल्यांदा सही दिली न्हाई, दुसऱ्यांदा दिली न्हाई. माझे दोन्ही पंख फाडले. आणि मंग सही दिली, आणि पुढं बसून आला."

अधिकारी माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने कागद घेतले, पंखाच्या सावलीत उभे राहून सगळे वाचले आणि शिक्का मारला.

तुझ्या नवऱ्याने माझा दंड सोडला आणि पाणी कुठे मिळते ते बघायला निघून गेला. मी विमानाच्या मागे गेलो आणि शेपटीच्या तारा उगाच एकेक करून ओढून पाहत राहिलो. एकही ढिली नव्हती.

तुझा दादा